करड्या वायरीचं दुसरं टोक

१

दर गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास अण्णांच्या घरचा कॉम्प्युटर बिघडायचा. बिघडवायचे अर्थात अण्णाच.

आता हे ऐकून कुणी हसेल, पण ज्याने चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, ज्याच्या नजरेतून काना निसटला नाही की मात्रा, त्या माणसाला आपल्या हाताने चूक करून ठेवायची म्हणजे काय वाटत असेल, याचाही विचार करावा. छापखान्यात अण्णा शिरले की खिळे जुळवणारे जुळारी एकमेकांना डोळा घालून म्हणायचे, "चला, ऱ्हस्वदीर्घ आले!" आणि तोच माणूस आता दर गुरुवारी जेवण झालं की हळूच टेबलाखाली वाकायचा आणि एखादी वायर अर्धा बोट बाहेर ओढून ठेवायचा.

पहिल्यांदा बिघाड खरा होता. घरात दोन कॉम्प्युटर. एक अण्णांचा, बाहेरच्या खोलीत खिडकीशी. दुसरा ताईंचा लॅपटॉप, आतल्या खोलीत. ताई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. अण्णांची बायको गेली तेव्हा लेक पाच वर्षांची होती. ताई आठ दिवसांसाठी म्हणून आल्या, त्या राहिल्याच. निवृत्तीनंतरही अण्णा घरी प्रूफं तपासत. पहिलं वाचन ताईंचं, दुसरं अण्णांचं. फाइली ज्यात ठेवायच्या त्या फोल्डरचं नाव लेकीने ठेवलं होतं, 'घरचं'. दोघांनाही तो आपापल्या जागेवरून दिसायचा. एक दिवस तो ताईंना दिसेना.

लेक दूरच्या शहरात एका मोठ्या कचेरीतलं कॉम्प्युटरांचं जाळं सांभाळायची. तिने तिकडून अण्णांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट आली, 'दुसरीकडून जोडणी येत आहे, परवानगी आहे का?' अण्णांनी 'हो'वर दाबलं, आणि स्क्रीनवरचा बाण आपणहून चालू लागला.

"बाबा, माऊसवरचा हात काढा. तुम्हीही ओढताय, मीही ओढतेय."

अण्णांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि बघत राहिले. बाण भराभर इकडून तिकडे जात होता. एक खिडकी उघड, दुसरी मीट. लेकीची चाल अशीच, लहानपणापासून घाईची. फोन कानाशी होता, आणि काम करता करता ती बोलत होती. कचेरीतल्या लिफ्टचं, शेजारणीच्या मांजराचं, गुडघा दुखतो त्याचं. पंचवीस मिनिटं! एरवी तिचा फोन म्हणजे, "जेवलात? गोळी घेतलीत? आत्याला सांगा. ठेवते." चार मिनिटांत खेळ खलास.

पुढच्या गुरुवारी अण्णांनी वायर ओढली. त्याच्या पुढच्या गुरुवारी घरच्या जाळ्याच्या नावातलं एक अक्षर बदललं. मग 'घरचं' ताईंना दिसायचं बंद केलं. मग पासवर्ड. लाखभर चुका काढलेला हात, चूक पेरायलाही चांगलाच शिकला.

ताईंना कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, सरळ सांग ना तिला, बोलावंसं वाटतं म्हणून."

"तिला कामं असतात गं."

"आणि हे काय, काम नाही?" ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

२

सोमवार होता. चार वाजले असतील. अण्णा प्रूफ वाचत होते, डावा हात गालावर, उजवा वहीवर. माऊसला हात नव्हता.

बाण हलला.

आधी बोटभर सरकला आणि थांबला. मग पुन्हा बोटभर. एखादं मूल अनोळखी घरात पाऊल टाकतं तसा. अण्णांना हसू आलं. आज सोमवारीच आठवण झाली का, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाणाने कोरं पान उघडलं. एकेक अक्षर उमटायला लागलं, मधे मधे इतका वेळ घेत की अण्णांना श्वास धरून बसावं लागलं.

*बाबा कामात आहात का*

"नाही गं," अण्णा मोठ्याने म्हणाले, आणि मग आपलं बोलणं तिला ऐकू जात नाही हे लक्षात येऊन टाइप केलं, *नाही. बोल.*

*मि इतेच आहे आनि वाठ बघते आहे*

अण्णांचा हात त्यांनी सांगण्याआधीच चालला. सवय ती सवय. 'मि'चा 'मी' केला, 'इतेच'चं 'इथेच', 'आनि'चं 'आणि', 'वाठ'ची 'वाट'. चारही शब्द लाल करून ठेवले आणि समाधानाने मागे टेकले.

बाण थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग पान मिटलं, आणि स्क्रीनवर उरलं ते त्यांचं प्रूफ, होतं तिथेच.

आपण काय केलं हे तेव्हा त्यांना उमगलं आणि कानशिलं तापली. पोर कामातून वेळ काढून बोलायला आली, आणि आपण तिचं शुद्धलेखन तपासत बसलो!

रात्री जेवताना मात्र घास हातातच राहिला. कोपऱ्यातली चौकट आलीच नव्हती. परवानगी कुणी मागितली नव्हती.

३

गुरुवारी त्यांनी काहीच बिघडवलं नाही. नुसता फोन केला.

"परवा सोमवारी आलीस, बरं वाटलं. मी उगीच तपासत बसलो. मनावर घेऊ नकोस."

"कुठे आले?"

"कॉम्प्युटरवर. लिहिलंस ना."

"बाबा, सोमवारी मी दिवसभर बैठकीत होते. फोनसुद्धा बाहेर ठेवावा लागला." मग तिचा आवाज जरा बदलला. "काय लिहिलं होतं?"

अण्णांनी सांगितलं. 'वाठ' म्हणताना ते अडखळले. लोक माणसाला अक्षरावरून ओळखतात, अण्णा चुकांवरून ओळखायचे. 'वाट' हा शब्द 'ठ' घालून लिहिणारं एकच माणूस त्यांना माहीत होतं, आणि तेही सात वर्षांचं असताना.

लेक हसली. "अहो, असं तर मी लहानपणी लिहायचे! चिठ्ठ्या आठवतात? तुम्ही दार लावून काम करत बसायचात, आणि मी दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवायचे. बाबा मी आले आहे. बाबा वाठ बघते. आणि तुम्ही ती लाल शाईने तपासून फटीतूनच परत सरकवायचात."

"उत्तर द्यायला हवं होतं मी."

"एकदा खाली 'ठीक' लिहिलं होतंत. आठवडाभर मिरवलं मी ते आत्याला दाखवून." ती पुन्हा हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "मग एक दिवस मी बंदच केल्या चिठ्ठ्या."

का बंद केल्या, ते अण्णांनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

४

"कुणीतरी घुसलंय," लेक म्हणाली. आता तिचा आवाज कचेरीतला होता, कोरडा आणि चटपटीत. "तुमच्याबद्दल माहिती काढून गंमत करताहेत किंवा याहून वाईट काही. परवानगी द्या, मी बघते."

चौकट आली. अण्णांनी 'हो' म्हटलं. तिचा बाण आला, तो ओळखीचा, घाईचा. अण्णांच्या जिवाला बरं वाटलं. तिने नोंदींची लांबलचक यादी उघडली आणि वरून खाली येत राहिली.

"बाहेरून आलेल्या जोडण्या सगळ्या माझ्या. सोमवारचीही एक आहे. चार वाजून सहा मिनिटं." ती थांबली. "बाबा, ही बाहेरून आलेली नाही. घरातूनच आली आहे."

"घरात मी आणि ताई."

"आत्या, तू तर नाही ना?"

फोन स्पीकरवर होता, आणि ताई दारात उभ्या होत्या. "मला माझा पासवर्ड आठवत नाही, मी दुसऱ्याच्या घरात कसली शिरतेय!"

मग लेकीने घरच्या जाळ्यावर काय काय जोडलेलं आहे त्याची यादी काढली. अण्णांचा कॉम्प्युटर, ताईंचा लॅपटॉप, प्रिंटर, अण्णांचा फोन. आणि एक पाचवं, त्याच्या नावाची जागा रिकामी.

"मी त्याला हाक मारते. बघू ओ देतो का," लेक म्हणाली. जाळ्यातला एक कॉम्प्युटर दुसऱ्याला अशी हाक मारू शकतो, हे तिने पूर्वी समजावलेलं होतं. तिने एक आज्ञा लिहिली. काळ्या चौकटीत एकाखाली एक ओळी पडायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी वेळ होती.

"ओ देतोय. लांबचा असता तर वेळ लागला असता. हा तर हाक पुरी व्हायच्या आत ओ देतोय. अगदी जवळ आहे. आता मी सांगते तसं एकेक बंद करा."

ताईंनी लॅपटॉप बंद केला. ओळी पडतच होत्या. प्रिंटरची पिन काढली. ओळी पडतच होत्या. अण्णांनी फोन घरच्या जाळ्यातून काढला. आता त्या घरात अण्णांच्या कॉम्प्युटरशिवाय काहीच चालू नव्हतं, आणि तरी हाकेला ओ येत होती. एक, आणखी एक, आणखी एक.

"राउटरकडे बघा. मागे किती वायरी आहेत?"

"तीन. एक बाहेरून येते ती. एक माझी. आणि एक करडी, कपाटामागून भिंतीत गेलेली. तिचा दिवा लुकलुकतोय."



"ती माझ्या खोलीत जाते," लेक म्हणाली. "कॉलेजात असताना मीच ओढली होती, भिंतीला भोक पाडून. पण जाताना कापली ना मी ती. तिला पलीकडे काही नाही, बाबा."

अण्णा आणि ताई त्या खोलीकडे गेले. लेक शहरात गेल्यापासून तिथे जुन्या पुस्तकांचे गठ्ठे असत, दार लावलेलं असे. कडी बाहेरून होती. अण्णांनी ती काढली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि धूळ त्यात स्थिर उभी होती. भिंतीच्या तळाशी, लहान मूल बसलं तर त्याच्या हाताशी येईल इतक्या उंचीवर, करड्या वायरीचं वीतभर टोक बाहेर आलेलं. कापलेलं. आतल्या आठ रंगीत तारा चिमणीच्या पायासारख्या फाकलेल्या.

"उंदीर असेल," ताई म्हणाल्या.

"उंदीर टाइप करतो का गं?"

"तुझ्या प्रूफांतल्या लेखकांपेक्षा बरं करत असेल," ताई म्हणाल्या, पण दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

फोनवर लेक वाट बघत होती. अण्णांनी पाहिलं ते सांगितलं.

"वायर काढून टाका," ती म्हणाली. "राउटरमधून उपटा आणि भिंतीतून ओढून घ्या. आणि मी शनिवारी येते."

"येतेस?"

"येते. हे मला कळल्याशिवाय झोप नाही यायची."

चार वर्षांत ती आली नव्हती. एवढे बिघाड पेरले, त्यांना जे साधलं नाही ते या एकाने साधलं. अण्णांनी फोन ठेवला. आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. पण वाटत होता तो आनंद, आणि आनंदाच्या तळाशी काहीतरी गार.

५

वायर त्यांनी काढली नाही. संध्याकाळी काढू म्हणाले, मग सकाळी काढू म्हणाले. शुक्रवारी दुपारी ताई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. घरात घड्याळाचा आवाज आणि नळाची टिपटिप. अण्णा कॉम्प्युटरपुढे बसले. आपण नुसतं प्रूफ वाचायला बसलोय, असं ते स्वतःला बजावत होते. पण हात मांडीवर होते, दोन्ही.

बाण बोटभर सरकला.

*बाबा*

*आहे. बोल,* अण्णांनी लिहिलं.

*आज लाल नाहि केले*

*नाही करणार.*

*मि वाठ बघत होते*

अण्णांनी टाइप केलं, *किती वेळ?*

बाण इतका वेळ थांबला की अण्णांना वाटलं, गेलं. मग एकेक अक्षर आलं.

*मला नाहि माहित. तुम्हि म्हनाला नंतर ये. नंतर झाले का*

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती. नंतर झालं का.

त्या दुपारचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ताईंनाही नाही. ताई बाहेरगावी होत्या. पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं. फटीतून चिठ्ठी आली, आणखी एक आली, आणखी एक. सातव्या की आठव्या चिठ्ठीला अण्णा उठले, पोरीला दंडाला धरून तिच्या खोलीत नेलं, आणि बाहेरून कडी घातली. "नंतर," म्हणाले. पाचच मिनिटं, असं मनाशी ठरवलं होतं. प्रूफ संपलं तेव्हा दिवे लागले होते. कडी काढली तेव्हा पोर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. उठली, हात धुतले, जेवली. त्यानंतर चिठ्ठी आली नाही. शहाणी झाली पोर, म्हणत ताईंनी परत आल्यावर कौतुक केलं होतं.

अण्णांना तेव्हाही वाटलं होतं, की खोलीतून आपण जिला बाहेर काढलं ती काहीशी कमी आहे. पण असल्या गोष्टीला माणूस काय म्हणणार? थकली असेल, म्हणाले आणि झोपले.

*तू कुठे आहेस?* त्यांनी लिहिलं.

*खोलित. टेबल आहे. खिडकि आहे पन बाहेर काहि नाहि. दार लावलेले आहे*

*मी काल दार उघडलं होतं.*

*ते दार नाहि*

नळ टिपकत होता.  खरं सांगायचं तर, त्या घटकेला अण्णांना उठून जावंसं वाटलं नाही. उलट स्क्रीनला हात लावावासा वाटला. जिच्याशी बोलायचं राहून गेलं ती हीच होती. शहरातली ती, लिफ्टचं आणि मांजराचं सांगणारी, ती तर पाहुणीसारखी बोलायची.

*उद्या ती येते आहे,* त्यांनी लिहून टाकलं.

*कोन*

*तू. मोठी झालेली.*

बाण पानावर गोल फिरला, एकदा, दोनदा. असा तो याआधी फिरला नव्हता.

*तिला खोलित पाटवा*

*कशाला?*

*मग ति इते बसेल आनि मि बाहेर येइन*

अण्णांनी ओळ पुन्हा वाचली. नजर चुकांवर गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी ओळ चुकांशिवाय वाचली असेल.

*नको,* त्यांनी लिहिलं.

*बाबा*

*तिला काही करू नकोस. ती माझी लेक आहे.*

*मि पन*

यावर बापाने काय लिहावं? अण्णा उठले, कपाट जोर लावून पुढे सरकवलं, आणि राउटरमधून करडी वायर उपटली. लुकलुकणारा दिवा विझला. स्क्रीनकडे त्यांनी पाठच ठेवली. मग गुडघ्यावर बसले, वायर मुठीत धरली आणि भिंतीतून ओढायला लागले.

हातभर आली. आणखी हातभर आली. मग अडली.

तिला पलीकडे काही नाही, लेक म्हणाली होती. अण्णांनी स्वतः पाहिलं होतं ते वीतभर टोक. खिळ्यात अडकली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि जरा सैल सोडली.

पलीकडून ओढ आली.

जोराची नव्हती. हिसका नव्हता. काम करणाऱ्या माणसाची बाही मूल मागून ओढतं ना, बघा ना इकडे म्हणून, तशी. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा. हात केवढासा आहे, ते वायरीतूनसुद्धा कळत होतं.

 आयुष्यभर न बोललेलं काही बोलायला अण्णांनी तोंड उघडलं, आणि जिभेवर होतं तेच बाहेर पडलं.

"नंतर," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी वायर ओढून घेतली.

ती सळसळत आली सगळी. एवढीशी घरातली भिंत, पण वायर येतच राहिली, पायांपाशी वेटोळ्यावर वेटोळं. शेवटी टोक बाहेर आलं. आठ रंगीत तारा होत्याच, पण फाकलेल्या नव्हत्या. कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवाव्यात तशा एकत्र पिळलेल्या, आणि हाताला कोमट लागत होत्या.

ताई आल्या तेव्हा अण्णा त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. आत जमिनीवर धुळीचा थर होता, वर्षांचा. भिंतीशी, भोकाजवळ, मांडी घालून कुणी बसावं एवढीच एक जागा स्वच्छ होती.

"मी झाडलं असेल कधीतरी," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही रे. मी नाही झाडलेलं."

६

शनिवारी अकराच्या सुमारास लेक आली. पाठीला पिशवी, हातात फळांचा पुडा. दारातच तिने अण्णांना मिठी मारली. असं ती कधी करायची नाही. अण्णांचे हात मधल्यामध्ये लटकत राहिले, मग त्यांना सुचलं आणि त्यांनी ते तिच्या पाठीवर ठेवले.

"काढलीत ना वायर? शाबास."

तिने चहा घेतला आणि तासभर सगळं तपासलं. यादीत आता चारच नावं होती. हाक मारली तर जे होते तेच ओ देत होते. 'घरचं' ताईंना दिसत होतं, अण्णांना दिसत होतं. ती कोरं पान शोधायला गेली, ज्यात ते लिहिणं झालं होतं. असं पान कुठेच नव्हतं.

"काहीतरी जुना दोष असेल," ती म्हणाली. आवाजात ना चिंता होती ना उत्सुकता. झोप येणार नाही म्हणालेल्या मुलीने एवढ्यावर विषय मिटवला. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. ती छान दिसत होती. कपाळावरची ती बारीक आठी, जी तिला वयाच्या सातव्या वर्षापासून होती, ती आज नव्हती.

जेवणं झाली. लेक घरातून हिंडत होती, पडदे बघत, भिंतींवर हात फिरवत. त्या खोलीपाशी ती थांबली. दार उघडंच होतं, अण्णांनी आदल्या दिवसापासून लावलंच नव्हतं. अण्णा ताडकन उठले. पण तिला काही झालं नाही. तिने आत डोकावलं, पुस्तकांचे गठ्ठे पाहिले, खिडकी पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "ही खोली कुणाची हो?"

ताई स्वयंपाकघरातून हसल्या. "काय विचारते बघा! भाड्याने दिली होती वाटतं आम्ही?"

लेकही हसली, कारण आत्या हसली म्हणून. मग तिने उत्तरासाठी अण्णांकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती.

"तुझी," अण्णा म्हणाले.

"माझी? छे. मी तर आत्याजवळ झोपायचे ना?" तिने आठवायचा प्रयत्न केला, तो चेहऱ्यावर दिसला, आणि सहज सोडूनही दिला. "लहानपणाचं काय लक्षात राहतं म्हणा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"चिठ्ठ्या लिहायचीस," अण्णा म्हणाले. "दाराच्या फटीतून सरकवायचीस. परवाच तर म्हणालीस फोनवर."

"मी?" ती मनापासून म्हणाली. "कसल्या चिठ्ठ्या?"

ती पुढे आली आणि अण्णांच्या हातात हात घालून खिडकीशी बसली. "काय झालं? रडताय होय? अहो, किती छान बाबा आहात तुम्ही. कॉलेजातल्या मैत्रिणी आपापल्या बाबांबद्दल काय काय सांगायच्या, आणि मी म्हणायचे, बाई, माझ्या बाबांनी मला कध्धी दुखवलं नाही."

किती वर्षं अण्णांनी या वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत. पुसतच राहिल्या.  मग अण्णांनी डोळे कोरडे केले आणि लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एक मुलगी होती," ते म्हणाले. "सांगू?"

"सांगा ना."

आणि अण्णांनी सांगितलं. ती कशी चालायची, भिंतीला हात लावत. 'वाट'ला 'ठ' घालायची. आई गेली त्यानंतर वर्षभर दोन चमचे मांडायची जेवायला. चिठ्ठीच्या कोपऱ्यात घर काढायची, आणि घराला एकच दार, घरापेक्षा मोठं. तिच्या बापाचं सांगितलं. ती दुपार सांगितली, कडी सांगितली, दिवेलागण सांगितली. काहीही हातचं राखलं नाही. ताई ऐकताना खाली बसल्या. लेक हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी भरून यावं तसे तिचे डोळे भरून आले.

"बिचारी," ती म्हणाली. तिने अण्णांच्या हातावर थोपटलं. बाहेर ऊन कलत होतं, आणि त्या उघड्या खोलीत ते भिंतीशी जाऊन पडलं होतं.

"मग बाबा," लेकीने विचारलं, "आता कुठे असते हो ती?"